चाप ओढण्याआधीची परीक्षा



पोलिसांच्या नेमबाजीची परीक्षा म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे चांदमारीचं मैदान येतं. समोर पुठ्ठ्याचं लक्ष्य, त्यावर वर्तुळं, मागे मातीचा बांध. हुकूम झाला की गोळ्यांचा आवाज. मग उस्ताद लक्ष्याजवळ जातात, भोकं मोजतात आणि वहीत आकडा मांडतात. अमुक इतके गुण मिळाले की शिपाई पास. पद्धत जुनी आहे, सोपी आहे आणि तिच्यात वादाला जागा नाही. भोक वर्तुळाच्या आत आहे की बाहेर, हे कुणालाही दिसतं.

पण पुठ्ठ्याचं लक्ष्य अचानक खिशात हात घालत नाही. ते घाबरून पळत सुटत नाही. त्याला कमी ऐकू येत नाही, ते दारू प्यालेलं नसतं आणि त्याच्या शेजारी लहान मूल उभं नसतं. त्याच्या हातात मोबाइल आहे की पिस्तूल, असा प्रश्नच मैदानावर येत नाही. रस्त्यावर मात्र सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो. नेम लागेल का, हे नंतरचं. गोळी झाडायची का, हे आधीचं. आणि ते ठरवायला पोलिसाच्या हाती कधी कधी दोन सेकंदही नसतात.

असा निर्णय घ्यायला शिकवता येतं का? त्याची परीक्षा घेता येते का? घेता येत असेल, तर गुण कोण देणार? आणि जो गुण देणार, तो त्या कामाला लायक आहे हे कोण ठरवणार? आज आपण या प्रश्नांकडे पाहणार आहोत, आणि त्यासाठी अमेरिकेचं उदाहरण घेणार आहोत. तिथे सामान्य नागरिकांजवळ बंदुका फार, आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडणारेही फार. 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्रानं २०१५ ते २०२४ अशी दहा वर्षं याची नोंद ठेवली. दर वर्षी सुमारे हजार माणसं पोलिसांच्या गोळीनं मेल्याचं त्या नोंदींतून दिसतं. त्यामुळे या विषयातल्या चुका, त्यांवरचे खटले आणि त्यांतून निघालेले उपाय यांचा मोठा साठा त्या देशात जमा झाला आहे. गोळी झाडावी की न झाडावी, या शिक्षणाला तिथे 'जजमेंटल' प्रशिक्षण म्हणतात. आपण त्याला निर्णयाचं प्रशिक्षण म्हणू.

याची सुरुवात पोलीस खात्यापेक्षा न्यायालयांत जास्त झाली. ३ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात घरफोडीची खबर आली म्हणून पोलीस गेले. घराच्या मागच्या बाजूनं एक पंधरा वर्षांचा मुलगा पळत होता. त्याच्याजवळ हत्यार नाही, याची पोलिसाला बऱ्यापैकी खात्री होती. तरी तो कुंपण चढून निसटणार, असं दिसताच पोलिसानं गोळी झाडली. मुलगा मेला. त्याच्याजवळ सापडली एक पर्स आणि दहा डॉलर. राज्याच्या कायद्यानुसार तो गोळीबार तेव्हा चालण्यासारखा होता, कारण पळणाऱ्या आरोपीला थांबवण्यासाठी लागेल ते बळ वापरायची कायद्यानं मुभा दिली होती. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'टेनेसी विरुद्ध गार्नर' खटल्यात ही मुभा काढून घेतली. पळणारा माणूस पोलिसाच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका आहे, असं मानायला सबळ कारण असेल तरच प्राणघातक बळ वापरता येईल, असा तो निकाल होता.

चार वर्षांनी, १९८९ मध्ये 'ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर' हा खटला आला. त्यात गोळीबार नव्हता. एका मधुमेही माणसाची साखर उतरू लागली, म्हणून तो संत्र्याचा रस घ्यायला घाईघाईनं दुकानात शिरला. रांग मोठी दिसली, तसा तो तितक्याच घाईनं बाहेर पडला. पोलिसाला संशय आला. पुढच्या झटापटीत त्या माणसाचं पाऊल मोडलं. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की पोलिसानं वापरलेलं बळ योग्य होतं की नाही, हे त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून पाहावं. सगळं घडून गेल्यावर खुर्चीत बसून सुचलेलं शहाणपण त्याला लावू नये.

आता या दोन निकालांचा एकत्र अर्थ काय होतो? पोलिसाला कायदा जी मोजपट्टी लावणार, ती त्याच्या नेमाची असणार नाही, त्याच्या समजुतीची असणार. मग त्याला शिकवायचं तेही समज पक्की करणारंच असलं पाहिजे. आणि शिकवलं नाही, तर दोष एकट्या शिपायाचा राहत नाही. न्यू जर्सी राज्यातल्या मार्गेट या लहानशा शहरात एक पोलीस रात्री संशयिताचा पाठलाग करत होता. त्याच्या गोळीनं घराबाहेर आलेला एक निरपराध रहिवासी मेला. १९७९ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयानं त्या पोलिसाच्या प्रशिक्षणाची चौकशी केली. ॲकॅडमीतून बाहेर पडून त्याला दहा वर्षं झाली होती. त्यानंतरचं शिक्षण म्हणजे सहा महिन्यांतून एकदा मैदानावरची नेमबाजी. हलतं लक्ष्य, अंधार, लोकवस्ती यांबद्दल काहीही नाही. शहराला त्या खटल्यातून अंग काढून घेता आलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच, ओहायोतल्या कँटन शहराच्या खटल्यात, एक साधी गोष्ट सांगितली. शहर आपल्या पोलिसांच्या हाती पिस्तूल देतं, आणि त्यांना पळणाऱ्या आरोपींना पकडावं लागणार हे शहराला ठाऊक असतं. तेव्हा पिस्तूल कधी वापरायचं नाही, हे शिकवण्याची गरज उघड आहे. पुढे १९९३ मध्ये डेन्व्हर शहराला याचा चटका बसला. तिथे पोलिसाच्या गोळीनं मेलेल्या माणसाच्या हाताशी सापडलं होतं ते नखं कापायचं यंत्र. झाडावी की न झाडावी, याचं डेन्व्हरचं शिक्षण म्हणजे एक व्याख्यान आणि एक चित्रफीत, एवढंच असल्याचं खटल्यात निघालं. प्रत्यक्ष प्रसंग उभे करून सराव घेतला जात नव्हता. ज्युरीनं शहराला जबाबदार धरलं आणि वरच्या न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला.

श्रोतेहो, हा सराव घेतात कसा, ते आता पाहू. एक मार्ग पडद्याचा. १९७९ चा फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा विश्वविजेता, दक्षिण आफ्रिकेचा जोडी शेक्टर, शर्यती सोडल्यावर अमेरिकेत गेला आणि १९८४ मध्ये त्यानं जॉर्जिया राज्यात अशी यंत्रं बनवणारी कंपनी काढली. खोलीत मोठा पडदा, त्यावर खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेला प्रसंग. प्रशिक्षणार्थीच्या हाती खऱ्यासारखं पिस्तूल, पण त्यातून गोळीऐवजी लेझरचा किरण निघतो. मागे यंत्राजवळ परीक्षक बसलेला असतो. प्रशिक्षणार्थी पडद्यावरच्या माणसाशी कसा बोलतो, हे ऐकून परीक्षक एक बटण दाबतो आणि गोष्ट त्या दिशेनं वळते. नीट समजावलं तर तो माणूस हातातला सुरा टाकतो. उगाच दरडावलं तर अंगावर येतो. कधी कधी समजावूनही येतो, कारण रस्त्यावरही तसं घडतं.

दुसरा मार्ग खोट्या गावाचा. एफबीआयनं व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथे १९८७ मध्ये 'होगन्स ॲली' नावाचं एक गावच उभारलं. बँक, टपाल कचेरी, हॉटेल, सिनेमागृह सगळं आहे. गुन्हेगार आणि वाटसरू म्हणून पगारी नट काम करतात. तिसऱ्या प्रकारात रंगाचा डाग उमटवणारी काडतुसं वापरून माणसं समोरासमोर सराव करतात.

प्रसंग संपला की खरी परीक्षा सुरू होते. परीक्षक विचारतो, "काय दिसलं?" प्रशिक्षणार्थी म्हणतो, "मला भीती वाटली." एवढं पुरत नाही. त्यानं तीन गोष्टी सांगाव्या लागतात. समोरच्याजवळ जीव घेण्याचं साधन होतं का? ते वापरण्याची संधी, म्हणजे अंतर आणि मोकळी वाट, त्याला होती का? आणि तो ते वापरणार असं दाखवणारं काही त्यानं केलं का? साधन, संधी आणि हेतू. तिन्ही एकत्र जमली तरच पिस्तुलाचा विचार करायचा. एक जरी कमी असेल, तर दुसरा मार्ग शोधायचा.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डचं उदाहरण इथे चांगलं लागू पडतं. हे दल लष्कराचा भाग आहे आणि समुद्रावरचे पोलीसही तेच. त्यांची माणसं दुसऱ्यांच्या बोटींवर चढून तपासणी करतात. त्यांच्या शिक्षणात बळाच्या सहा पायऱ्या सांगितलेल्या आहेत. नुसतं समोर हजर राहणं ही पहिली, तोंडी हुकूम दुसरी. मग हातानं आवरणं, मग अधिक जोराचे डावपेच, मग दंडुक्यासारखी साधनं, आणि सगळ्यात शेवटी प्राणघातक बळ. प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे असं नाही. प्रसंग मागेल ती पायरी निवडायची, आणि प्रसंग निवळला की खाली यायचं. या दलात नेमबाजीची चाचणी निराळी आणि निर्णयाची चाचणी निराळी. आता विचार करा. मासेमारीच्या बोटीवर ज्याच्या त्याच्या हाती सुरी असणारच. जाळं कापायला लागते, मासळी साफ करायला लागते. वर्सोव्याच्या किंवा हर्णैच्या कोळ्याला हे सांगायला नको. साधन आहे, जागा अरुंद म्हणून संधीही आहे. पण हेतू? तो माणूस आपलं रोजचं काम करतो आहे. एवढं ओळखणं ज्याला जमत नाही, तो मैदानावर शंभरातले शंभर गुण मिळवत असला तरी त्याला बोटीवर चढवणं धोक्याचं.

इथवर ऐकून वाटेल, की यंत्र आलं, खोटं गाव आलं, तीन प्रश्न ठरले, काम झालं. पण अडचण इथूनच सुरू होते, आणि तिचं नाव आहे परीक्षक.

समजा, दोन प्रशिक्षणार्थी आहेत. पहिल्यासमोरच्या माणसानं शिवी देत कमरेतून काळी वस्तू उपसली आणि दोन्ही हातांनी रोखली. पहिल्यानं गोळी झाडली. ती वस्तू निघाली मोबाइल. दुसऱ्यासमोरचा माणूस निमूट उभा होता. सांगितलं म्हणून तो सावकाश पाकीट काढत होता. दुसऱ्यानं दचकून गोळी झाडली. नंतर त्या माणसाच्या शर्टाखाली पिस्तूल सापडलं. कच्चा परीक्षक काय करेल? पहिल्याला नापास करेल, कारण निरपराध माणूस मेला. दुसऱ्याला पास करेल, कारण पिस्तूल निघालं. वास्तविक दुसऱ्यानं काहीच पाहिलेलं नव्हतं. त्याचं नशीब चांगलं, इतकंच. पहिल्यानं जे पाहिलं, त्यावरून केलेला तर्क निदान समजण्यासारखा होता. परिणाम पाहून गुण द्यायचे नाहीत, दिसलं काय आणि त्यावरून ठरवलं काय हे पाहून द्यायचे, हे परीक्षकाला आधी शिकावं लागतं. ते आपोआप येत नाही. आपल्याकडे क्रिकेट पाहणाऱ्यांना हे चटकन कळेल. बेजबाबदार फटका सीमापार गेला की आपण टाळ्या वाजवतो आणि तोच फटका हवेत झेलला गेला की बोटं मोडतो.

चांगला परीक्षक पहिल्यालाही सोडणार नाही. तो विचारेल, तू इतक्या जवळ का गेलास? शेजारी गाडी होती, तिच्या आडोशाला का उभा राहिला नाहीस? अंतर आणि आडोसा असता, तर ती काळी वस्तू काय आहे हे पाहायला आणखी क्षणभर मिळाला असता. म्हणजे चाप ओढण्याचा निर्णय बऱ्याचदा चाप ओढण्याच्या अर्धा मिनिट आधीच झालेला असतो, पाय कुठे ठेवला त्यावरून.

परीक्षकाच्या हातून आणखीही चुका होतात. सगळेच प्रसंग गोळीबारात संपणारे निवडले, तर प्रशिक्षणार्थी एकच गोष्ट शिकतो, की प्रत्येक खिशात पिस्तूल असतं. एखादा परीक्षक कडक, दुसरा सैल. एकाच कामगिरीला एक पास म्हणतो, दुसरा नापास. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे ओळख. समोरचा शिपाई उद्या आपल्याबरोबर गस्तीला असणार, त्याची बढती अडकलेली, घरी दोन मुलं. अशा वेळी लाल शेरा मारायला हात धजत नाही. म्हणून परीक्षकाला प्रमाणपत्र देताना त्याचं पिस्तूल किती चालतं एवढ्यावर भागत नाही. एकाच चित्रित सरावाला दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि ते ताडून पाहायचे, त्यानं स्वतः नवख्यासारखं पडद्यापुढे उभं राहून परीक्षा द्यायची, कायद्यात बदल झाला की पुन्हा शिकायचं, असे उपाय करावे लागतात. प्रमाणपत्राला मुदत हवी. वाहन चालवण्याच्या परवान्याला असते, तर याला का नसावी?

हे सगळं कागदी वाटत असेल, तर फ्लोरिडा राज्यातल्या पुंटा गोर्डा गावाची घटना ऐका. ९ ऑगस्ट २०१६. पोलिसांचं काम लोकांना कळावं म्हणून पोलीस खात्यानं नागरिकांसाठी एक कार्यक्रम ठेवला होता. त्यात 'गोळी झाडावी की नाही' याचं प्रात्यक्षिक होतं. ७३ वर्षांच्या एक निवृत्त ग्रंथपालबाई हौसेनं पुढे आल्या. गुन्हेगाराची भूमिका एका पोलिसाकडे होती. त्याच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिनगोळीची काडतुसं आहेत, असा त्याचा समज होता. ती खरी निघाली. बाई गेल्या, नवऱ्याच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. खरं हत्यार आणि खरी काडतुसं सरावाच्या जागेत येताच कामा नयेत आणि प्रत्येक शस्त्र दुसऱ्या माणसानंही उघडून तपासावं, हा या प्रशिक्षणाचा पहिला धडा. तो पाळला जातो आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी असलेला जाणता परीक्षक तिथे उभा असता, तर आपल्याला या घटनेचं नावही ठाऊक झालं नसतं. त्या पोलिसानं पुढे सदोष मनुष्यवधाच्या आरोपाला आव्हान दिलं नाही, आणि त्याला दहा वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.

परीक्षकानं मनापासून काम करून लाल शेरा मारला, तरी तो कुणी वाचलाच नाही, असंही घडतं. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता. फोन करणाऱ्यानं सांगितलं होतं, की पिस्तूल बहुधा खोटं आहे आणि तो बहुधा अल्पवयीन आहे. ते शब्द गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचले नाहीत. गाडी थेट मुलाजवळ जाऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा मेला. गोळी झाडणारा पोलीस त्याआधी दुसऱ्या एका लहान गावाच्या दलात होता. तिथल्या वरिष्ठांनी त्याच्या नोंदीत लिहून ठेवलं होतं, की पिस्तुलाच्या सरावात त्याची कामगिरी फार वाईट आहे आणि मनानं तो या कामाला तयार नाही. क्लीव्हलँडनं नोकरी देताना ती नोंद पाहिलीच नव्हती. २०१६ मध्ये शहरानं त्या मुलाच्या कुटुंबाला ६० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. एका गावातल्या कुणीतरी आपलं काम चोख केलं होतं. कागद मात्र फायलीतच राहिला.

आणि अनुभव? अनुभवी माणसाला परीक्षेची गरज नाही, असं आपण म्हणतो. ११ एप्रिल २०२१ रोजी मिनेसोटा राज्यातल्या ब्रुकलिन सेंटर इथे एका महिला पोलीस अधिकाऱ्यानं वीस वर्षांच्या तरुणावर गोळी झाडली. विजेचा झटका देणारं टेझर आपल्या हाती आहे, अशी तिची समजूत होती. हाती होतं पिस्तूल. तिची नोकरी २६ वर्षांची होती, आणि त्या दिवशी ती एका नवख्या पोलिसाला शिकवण्यासाठी बरोबर गेली होती. तिला सदोष मनुष्यवधाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. शिकवणाऱ्याचाही हात चुकतो आणि हाताची सवय वर्षांबरोबर आपोआप पक्की होत नाही, हे सांगायला यापेक्षा वेगळा दाखला नको.

आता दुसरी बाजू. अशा प्रशिक्षणानं नुकसानही होऊ शकतं. सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर या पोलिसानं १९८३ मध्ये एका लेखात मांडलं, की सुरा घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर सुमारे दीड सेकंदात तोडतो, आणि तेवढ्यात पोलीस जेमतेम पिस्तूल काढू शकतो. सांगायचं होतं ते सावध राहण्याबद्दल, वेळेवर मागे सरण्याबद्दल. पुढे शिकवणाऱ्यांच्या तोंडी त्याचा नियम झाला: २१ फुटांच्या आत सुरा दिसला की गोळी चालते. पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेनं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३० मार्गदर्शक तत्त्वांत या गैरसमजावर बोट ठेवलं. याच संस्थेनं आदल्या वर्षी पोलीस खात्यांची पाहणी केली, तेव्हा नव्या भरतीला बंदुकीचं शिक्षण साधारण ५८ तास आणि प्रसंग शांत करण्याचं शिक्षण साधारण ८ तास मिळतं, असं दिसलं. जे ५८ तास शिकवलं जातं, तेच हाताला आधी आठवणार.

नजरेतला भेदभाव हाही प्रश्न आहेच. मानसशास्त्रज्ञ जोशुआ कॉरेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना पडद्यावर माणसं दाखवून 'झाडा' किंवा 'झाडू नका' यांपैकी एक बटण दाबायला सांगितलं. सशस्त्र माणूस कृष्णवर्णीय असेल तर बटण लवकर दाबलं जाई, आणि निःशस्त्र कृष्णवर्णीयावर चुकून गोळी झाडण्याचं प्रमाणही जास्त असे. २००७ मध्ये त्यांनी डेन्व्हरच्या पोलिसांना याच परीक्षेला बसवलं. वेळेतला फरक पोलिसांतही दिसला, पण प्रत्यक्ष चुकीची गोळी झाडण्यात ते सामान्य लोकांपेक्षा पुष्कळ सावरलेले निघाले. मनातला ग्रह शिक्षणानं पुसला जात नाही, पण बोटापर्यंत पोहोचता पोहोचता त्याला थोपवता येतं, असा आशेचा अर्थ त्यातून काढता येतो.

आणखी एक आशा केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराकडून आली. २०१९ मध्ये तिथल्या पोलिसांना अंतर राखणं, बोलणं, वेळ मिळवणं यांवर भर देणारं प्रशिक्षण दिलं गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की बळाच्या वापराचे प्रसंग २८ टक्क्यांनी घटले, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी घटल्या, आणि पोलिसांच्या दुखापती ३६ टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. संयम शिकवला तर पोलीस मार खातील, ही भीती त्यानं खोटी ठरवली. अर्थात त्याच शहरात मार्च २०२० मध्ये ब्रिओना टेलर ही तरुणी आपल्याच घरात मध्यरात्रीच्या पोलीस छाप्यात गोळ्यांनी मेली. छाप्याचा हुकूमच सदोष माहितीवर मिळवलेला होता. वरचा निर्णय चुकला, तर खालच्या शिपायाचं प्रशिक्षण किती पुरं पडणार? तेव्हा प्रमाणपत्र हा एक बांध आहे, सगळं धरण नव्हे.

श्रोतेहो, हा विषय आपल्याला परका नाही. ज्यांच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, अशांना अटक करताना त्यांचा मृत्यू घडवण्याचा अधिकार पोलिसांना नाही, हे आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्येही ते आहे. म्हणजे समोरच्यावर नेमका आरोप कोणता, याचा विचार आपल्या शिपायानंही धावता धावता करायचा आहे. हाही निर्णयच. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यांवरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या मुख्यतः गोळी सुटल्यानंतर काय करायचं, याबद्दल आहेत: नोंद, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी. त्या हव्यातच. पण गोळी सुटण्याआधीचा भाग प्रशिक्षणाच्या खोलीत घडतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना परिषदेनं स्वीकारलेली तत्त्वं तेच सांगतात: ज्यांना शस्त्र बाळगायचं आहे, त्यांना विशेष प्रशिक्षण पुरं केल्यावरच परवानगी द्यावी आणि त्यांची योग्य कसोटीवर परीक्षा घ्यावी.

नागरिक म्हणून आपण काय करू शकतो? आपण साधे प्रश्न विचारू शकतो. आमच्या पोलिसांची नेमबाजीखेरीज दुसरी कोणती परीक्षा होते? किती दिवसांनी? ती घेणाऱ्याला कुणी तयार केलं? त्यानं कधी कुणाला नापास केलं आहे का, आणि केलं असेल तर त्या शेऱ्याचं पुढे काय झालं? हे प्रश्न पोलिसांविरुद्ध नाहीत. हाती पिस्तूल देऊन ज्याला रस्त्यावर पाठवतो, त्या पंचवीस वर्षांच्या मुलाच्या बाजूचेच ते आहेत. पुरतं न शिकवता त्याला पाठवायचं, आणि मग दोन सेकंदांतल्या चुकीचं ओझं त्याच्या एकट्याच्या माथी जन्मभर द्यायचं, हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

या परीक्षेत खऱ्या अर्थानं पास झालेल्या माणसाची बातमी कधी छापून येत नाही. रात्री कुठेतरी एक माणूस खिशातून पाकीट काढतो, समोरचा शिपाई आडोशाला उभा राहून आणखी क्षणभर पाहतो, आणि दोघंही आपापल्या घरी जातात. तो क्षणभराचा धीर कुणीतरी त्याला शिकवलेला असतो, आणि तो पक्का झाला आहे की नाही, हे कुणीतरी भीडभाड न ठेवता तपासलेलं असतं. त्या तपासणाऱ्याची निवड आपण किती गांभीर्यानं करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)